वाटीवरचं नाव

काल आमच्या वावरात सीतादही झालं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कापूस फुटला, पहिली वेचणी लागली, की बोंडाला हात लावायच्या आधी आमच्याकडे झाडाखाली पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात आणि तोच भात चारी दिशांना शिंपडतात. हे सवाष्णीचं काम. माझे मालक जाऊन सात वर्षं झाली, तेव्हा मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून नुसत्या सूचना देणारी. घरच्या सुनेनं करायचं, पण सून दोन वर्षांपासून घरात नाही. म्हणून वेचायला येणाऱ्या शेवंताच्या हातात मी वाटी दिली.

शेवंताची जीभ तिखट आहे, मन नाही. खडे मांडता मांडता म्हणाली, "काकू, औंदा बी मीच काय? दुसऱ्याच्या वावरात किती साल सून होऊ मी? एखादी साडी तरी नेसवा मंग." बाया हसल्या. मीही हसले. मग तिनं वाटी उपडी करून चिकटलेला भात बोटानं काढला आणि तिचं बोट तिथंच थांबलं. तिला वाचता येत नाही, पण खोडलेलं कळतं.

"हे नाव काहून काटलं वं काकू?"

"जुनी वाटी हाय," मी म्हटलं. "चाल, बाया खोळंबल्या."

दिवसभर बाया वेचत होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं फुगत होत्या, रिकाम्या होत होत्या. उन्हात तापलेल्या कापसाला एक कोरडा, कोंडलेला वास येतो, घरात पेटीतून काढलेल्या गोधडीसारखा. बोंडाची टोकं बोटांत शिरतात, संध्याकाळी मिठाच्या पाण्यात हात घालावे लागतात. हे सगळं दरवर्षीचंच. पण दोन वर्षांपूर्वीची ती एक वेचणी माझ्या आयुष्यात अशी शिरली आहे की कापूस फुटला की मला आधी ती दिसते, कापूस नंतर.

त्या हंगामात आमची गुड्डी अक्षरं शिकली. माझी नात. तेव्हा तिला तीन वर्षंही पूर्ण व्हायची होती. कुणी शिकवलं नाही, पाटी नाही, पुस्तक नाही. आपली आपण शिकली. आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? गोड मानायची गोष्ट. मीही तसंच मानायला हवं होतं.

पण आधी भांड्यांचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

मुलीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव टाकायची आपली रीत. माझ्या बापानं मला एकच मोठं भांडं दिलं, पाणी भरायचा पितळी गुंड. त्यावर तीन अक्षरं कोरून घेतली आणि म्हणाला, "पोरी, हे तुझं नाव." मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण त्या तीन अक्षरांवरून चिंचेचं बोट फिरवता फिरवता ती मला पाठ झाली. मग त्यातलं एक कॅलेंडरवर भेटलं, एक साखरेच्या पुडीच्या कागदावर. पुढे पोरगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पुस्तकातून उरलेली गोळा केली. आज हे लिहिते आहे ते त्या गुंडाच्या भरवशावर. गंमत अशी की ते नाव सासरी एकदाही कुणी घेतलं नाही. लग्नातच बदललं. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं त्यात 'लक्ष्मी' लिहिलं, बायांनी साखर वाटली. थोड्या वेळानं कुणीतरी ते तांदूळ हातानं सारखे करून पोत्यात टाकले. तांदळातलं नाव तेवढ्यात गेलं. माझ्यावरचं राहिलं. रेशन कार्डावर लक्ष्मी, मतदार यादीत लक्ष्मी. माहेरी भाऊ मला 'बाई'च म्हणायचे, तेही आता नाहीत. मला त्याचं काही वाटलंही नाही. वाटायला हवं होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझ्या रवीचं लग्न झालं. सुनेचं नाव वैशाली. दारव्ह्याकडच्या बोरी अरबची, बी.ए. झालेली, कमी बोलणारी. नाव चांगलं होतं की. पण मला वाटलं, रवीला शोभेल असं राधिका ठेवावं. रवी म्हणाला, "माय, आता कोण बदलते नाव? राहू दे ना." मी म्हटलं, "माहं बदललं, माह्या सासूचं बदललं. तू काय वेगळा आला?" त्यानं अंगठी घेतली आणि लिहिलं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. लग्नानंतर महिनाभरानं तिची भांडी थैलीत भरून मी महागावच्या बाजारात नेली. तिथं भांड्यांच्या दुकानापुढे मशीन घेऊन नाव टाकून देणारा बसतो. त्यानं विचारलं, "मावशी, जुनं राहू देऊ का काटू?" मी म्हटलं, "काट." घर्र करून त्यानं एकेका ताटावर, वाटीवर 'वैशाली'वरून आडवी रेघ ओढली आणि खाली 'राधिका' लिहिलं. घरी आले तेव्हा सून भाकरी टाकत होती. तिनं थैलीतली भांडी काढली, पुसली, फळीवर लावली. प्रत्येक भांड्याचं नाव भिंतीकडे.  मी समजले, तिला आवडलं.

गुड्डी झाली. ती जेवायला लागली तेव्हा सून तिला त्याच वाटीत वरणभात कालवून द्यायची. भात संपला की गुड्डीचं बोट धरून त्या खोडलेल्या नावावरून फिरवायची आणि हळूच म्हणायची, "हे मी." गुड्डी म्हणायची, "आई." रोजचा खेळ. मी समोर शेंगा सोलत बसलेली असायची. ऐकायची. आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण त्यात मला काहीतरी टोचायचं, आणि काय ते बघायला मला वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगायची.

मग आमच्या गावच्या अंगणवाडीत बाईची जागा निघाली. गावातलीच बाई हवी होती, शिकलेली हवी होती. सूनबाईच्या डोळ्यांत मी तसा उजेड आधी पाहिला नव्हता. तिनं पेटीतून सगळे कागद काढले. आणि तिथं घोळ झाला. शाळा-कॉलेजच्या कागदांवर वैशाली, बापाचं नाव. आधार कार्डावर, रेशन कार्डावर राधिका, रवीचं नाव. दोघी एकच हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र पाहिजे, नाव बदलल्याचं गॅझेट पाहिजे. त्यासाठी तालुक्याला चकरा. सोयाबीन काढणीला आलेलं, कापूस फुटायला लागलेला. रवी म्हणाला, "थांब ना थोडी. वेचणी होऊ दे, मंग पाहू." मी म्हटलं, "हो ना, कागद काय पळून चालले काय, पण पीक चाललं ना." ती तीनदा बोलली. चौथ्यांदा बोलली नाही. अर्जाची तारीख निघून गेली.

त्या दिवशी तिनं पेटी भरली. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मामी, वैशालीले नोकरी लागली असती. राधिकेले कोणी वळखतच नाही."

रवी रागात होता. मला त्याचा राग कळतो, पोराला रात्रंदिवस वावर, वरून बायको निघाली. तो म्हणाला, "जाचं तं जा. पोरगी इथंच राहीन." गुड्डीला थोडा ताप होता, ती माझ्या कडेवर होती. सुनेनं हात पुढे केले. खरं सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. मी पोरीला देऊ शकत होते. दीड हाताचं अंतर होतं. मी तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बस, एवढंच केलं. सून माझ्याकडे बघत राहिली, मग पेटी उचलून फाट्याकडे चालायला लागली. तिला वाटलं असेल, ताप उतरला की पाठवतील. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही पाठवली नाही.

मग वेचणी जोरात लागली. घराच्या पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छताला टेकायला निघाला. मी गुड्डीला घेऊन स्वयंपाकघरात.

पहिल्यांदा लक्षात आलं ते पिठात. मी ज्वारीचं पीठ मळायला परात घेतली होती. गुड्डी शेजारी उकिडवी बसली आणि तिनं कोरड्या पिठात बोटानं दोन तिरप्या रेघा ओढल्या. शेजारी शेजारी, वर उचललेल्या. मी म्हटलं, "हे काय वं?" म्हणाली, "आईचे हात." मला कळलं नाही. तिनं फळीकडे बोट केलं. मी वाटी काढून दिली. 'वैशाली'तल्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर दोन मात्रा असतात ना, त्या दाखवून म्हणाली, "हे हात." आईनं वर केलेले दोन हात. घ्या म्हणून.

मी पीठ मळायचं विसरले.

तिथून पुढे तिला ते हात सगळीकडे दिसायला लागले. मैद्याच्या पुडीवर दिसले. बैलाच्या चित्राखालच्या नावावर दिसले. "इथं बी आईचे हात!" पण नुसत्या हातांवर ती फसायची नाही. बोट पुढे सरकवायची, पुढची अक्षरं आईची नाहीत असं दिसलं की मान हलवायची, "आई नाई." मग दुसरं शोधायची. एके दिवशी तिनं फळीवरची, मोरीतली, कोनाड्यातली सगळी भांडी खाली काढली आणि त्यांचे दोन ढीग लावले. एकात माझी, सासूच्या वेळची, रवीची. दुसऱ्यात फक्त वैशालीची. एकही चुकली नाही. पळीसुद्धा नाही, जिच्या दांड्यावर नाव मुंगीएवढं आहे. त्या ढिगाजवळ बसून ती बाहुली जेवू घालत होती.

आणि प्रत्येक नावावरची ती आडवी रेघ. एकदा दुपारी मी पाहिलं, ती वाटी तोंडाजवळ धरून फुंकर मारत होती. मला वाटलं, भात गरम आहे म्हणून. वाटी रिकामी होती.

"काय करून राह्यली माय तू?"

"आईले बाऊ झाला."

फू, फू. रेघेवर. बाजारात एक शब्द बोलले होते मी, "काट." त्याच्यावर हे लेकरू फुंकर घालत होतं.

अंगणवाडीची नवी बाई लेकरांची वजनं करायला घरोघरी आली. ती जागा जिला मिळाली तीच. भली पोरगी आहे, तिचा काय दोष. तिनं गुड्डीला वाटीवर बोट फिरवताना पाहिलं आणि कौतुकानं ओरडलीच, "अगाई! हे तं वाचून राह्यली! कोणी शिकवलं काकू?"

मी म्हटलं, "आपोआप."

"हुशार हाय हो. नशीबवान हा तुम्ही."

गावात बोलबाला झाला. लोक यायचे, भांडं दाखवायचे, पोरीला विचारायचे. रवीलाही बरं वाटायचं, मी बघायची. संध्याकाळी वावरातून आला की तिला मांडीवर घेऊन आपल्या बनियनवर छापलेलं काहीतरी दाखवायचा, "हे वाच." ती म्हणायची, "आई नाई." त्याचा चेहरा पडायचा. पुन्हा विचारायचा नाही.

मला मात्र भीती वाटत होती. मीही अशीच शिकले होते ना, म्हणून. एक नाव आधी, मग बाकीचं जग. पण मी माझं नाव शोधत होते, चाळीस वर्षं घरातल्या घरात. हे लेकरू आई शोधत होतं. दर अक्षराला विचारत होतं, तू आहेस का? आणि प्रत्येक वेळी नाही म्हणून पुढे जात होतं. लोकांना वाटायचं वाचते आहे. मला वाटायचं, हिला आवरायचं कसं.

बोरी अरबहून फोन यायचा. रवी उचलायचा नाही. एकदा तिच्या वडिलांचा निरोप आला, पोरीला पाठवा. रवीनं निरोप दिला, "भांडे पाठवतो." त्यानं वैशालीची सगळी भांडी पोत्यात भरली. भांडी परत जाणं म्हणजे काय, हे गावात लहान पोरालाही कळतं. गुड्डी पोत्याभोवती फिरत होती, आतला आवाज ऐकत होती. ओळखीच्या जीपवाल्याबरोबर पोतं गेलं. संध्याकाळी मी बघते तर पोरगी रडत नाही, हट्ट करत नाही. शांत. मला नवल वाटलं. एक वाटी कमी गेली आहे, हे मला तेव्हा कुठं माहीत.

मग तो दिवस. रवीची कापसाची गाडी महागावला खरेदी केंद्रापुढे रस्त्याच्या कडेनं रांगेत उभी होती. आदल्या दिवशीपासून उभी, नंबर लागेना. मी डबा घेऊन गेले, गुड्डीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिलाही नेलं. रांग अर्धा कोस. बैलगाड्या, टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वर दोऱ्यांनी आवळलेला पांढरा डोंगर. चहाचे ठेले, धूळ, हॉर्न. रवीला मी डबा दिला, तो गाडीच्या सावलीत बसून जेवत होता. गुड्डीचा हात माझ्या हातात होता.

पुढची रांग एकदम हलली. बाजूनं एक ट्रॉली निघाली आणि तिच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगानं, वितीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: वैशाली. लोक ट्रॉलीवर लेकीबाळींची नावं घालतात, तसं.

मी ते वाचेपर्यंत माझ्या हातातला हात गेला होता.

"आई! आई थांब!"

ती धावत होती. ट्रॉलीच्या मागे, धुळीत, दोन्ही हात वर करून. त्या मात्रांसारखे. मागून भरलेला टेम्पो येत होता. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. ब्रेकचा आवाज आठवतो. आणि टेम्पोच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर तिचा लाल फ्रॉक आठवतो.

"ओ आजी! पोरीले सांभाळता येत नाई काय! आता चिरडली असती ना मी!" टेम्पोवाला खाली उतरून शिव्या देत होता, आणि शिव्या देता देताच त्यानं गुड्डीला उचलून माझ्या हातात दिलं. ती त्याच्या खांद्यावरून हात लांब करत होती. "आई चालली. आजी, आई चालली ना!"

ट्रॅक्टरवाला थांबला. पागोटं बांधलेला म्हातारा माणूस. "काय झालं बाई?"

मी म्हटलं, "तुमच्या ट्रॉलीवर हिच्या मायचं नाव हाय."

तो मागं गेला, आपणच लिहून घेतलेलं नाव पुन्हा वाचल्यासारखं बघत राहिला. "माह्या पोरीचं हाय. सासरी गेली ती. पेंटर म्हणे, मिटवून देवाचं नाव टाकू काय? मी म्हणलो, राहू दे बापा." मग गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढीशी पोर, वाचते?"

मी गुड्डीच्या फ्रॉकवरची धूळ झटकत राहिले.

रवी हातातला घास तसाच घेऊन उभा होता. गुड्डीनं त्याला सांगितलं, "बाबा, आई गाडीत गेली." तो वळला आणि कापसावरची दोरी, जी घट्ट होती, ती पुन्हा आवळायला लागला.

सकाळी मी त्याला म्हटलं, "मी पोरीले तिच्या मायजवळ नेतो." वाटलं होतं भांडेल. भांडला नाही. म्हणाला, "तुह्याच मनानं होते सगळं. नाव तुह्या मनानं. आता हे बी कर."

महागावहून पुसद, पुसदहून दिग्रस, दिग्रसहून दारव्हा. गाड्या बदलत गेलो. गुड्डी खिडकीतून दुकानांच्या पाट्यांवर डोळा ठेवून होती. "आई नाई. आई नाई." प्रत्येक गावाला तेच. दारव्ह्याला ती माझ्या मांडीवर झोपली.

बोरीला तिच्या माहेरच्या अंगणात सून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पाठमोरी. इतक्या वर्षांत मी तिला सूनबाई म्हटलं होतं, राधिका म्हटलं होतं, लोकांसमोर 'रवीची बायको' म्हटलं होतं. फाटकाजवळ उभी राहून मी हाक मारली, "वैशाली."

तिनं ओळखीचा आवाज अनोळखी नाव घेतो तसं वळून बघितलं. मग कडेवरचं लेकरू दिसलं आणि सुपातल्या शेंगा अंगणभर झाल्या. गुड्डी झोपेतून उठून तिच्याकडे बघत राहिली, धावली नाही. दोन महिने पाट्यांवर शोधलेलं माणूस समोर आलं तर तिला पटेना. तिनं आईच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग गळ्याला मिठी मारली, ती मला दिसली नाही, कारण मी शेंगा वेचायला बसले होते.

सुनेनं मला पाणी दिलं, चहा दिला, जेवू घातलं. निघताना मी म्हटलं, "पोरगी तुह्याजवळ राहू दे. तू बी येशील काय?"

ती म्हणाली, "मामी, कोणत्या नावानं येऊ?"

  मी एसटीत बसले, मांडी रिकामी, आणि दारव्ह्यापासून महागावापर्यंत मी एकही पाटी वाचली नाही.

घरी कापसाचा शेवटचा ढीग भरायला घेतला तेव्हा खालून ठण्णकन वाटी निघाली. कापसात अगदी खोल, वर कापूस नीट थापून ठेवलेला. भांड्यांचं पोतं भरायच्या आधीच गुड्डीनं आईला झोपवून ठेवलं होतं, आणि माझ्याबरोबर निघताना घाईत मीच तिला काही शोधू दिलं नव्हतं. रवीनं वाटी उचलली, उलटी केली, नावावरचा कापूस अंगठ्यानं काढला. मला वाटलं, म्हणेल, हे बी पाठवून दे. त्यानं ती फळीवर ठेवली. तेव्हापासून ती तिथंच आहे. पोरगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. सुनेला आणायला तो गेला नाही, कागदानं सोडलंही नाही. गुड्डीच्या नावानं रोज दिवा लावते म्हणणार नाही, असल्या गोष्टी मी करत नाही. पण भाकरी टाकताना परातीतलं कोरडं पीठ मी आधी हातानं सारखं करते, का कोण जाणे.

काल सीतादहीहून आलो. रवी ओट्यावर बसून पाय धूत होता. शनिवारी सून गुड्डीला माझ्याशी फोनवर बोलू देते, समोर चेहरा दिसतो तसल्या. एरवी फोन वाजला की रवी गोठ्याकडे निघतो. काल निघाला नाही. पाय धुऊन झाले तरी तांब्या हातात घेऊन बसला.

गुड्डी आता पाचला टेकली. पुढचा दात हलतो आहे. म्हणाली, "आजी, मले लिवता येते. पाह्य." आणि कागद फोनला चिकटवला. आधी काही दिसेना. मग मागं घेतला. वैशाली. डोक्यावर दोन हात, अगदी वर उचललेले. नावावरून काटलेली आडवी रेघ नाही, काही नाही. तिच्याखाली वाकडंतिकडं लिहिलेलं होतं, रवी.

ओट्यावर तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता तुह्यं लिवतो," गुड्डी म्हणाली. "आजी, तुह्यं नाव काय हाय?"

किती सोपा प्रश्न. लक्ष्मी, म्हणायला काय जातं. लोक हेच लिहितात, मीही सही हीच करते. पण पलीकडे पेन्सिल थांबलेली दिसत होती. ती पोरगी एकदा जे लिहील ते धरून बसेल, ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, "यमुना."

फोनच्या आडून सुनेचा आवाज आला, "यमुना?" तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं तरी कुठं विचारलं होतं, आणि मी तरी कुठं सांगितलं होतं.

रवी दारात येऊन उभा होता. "हे कोणाचं नाव हाय, माय?"

"गुंडावर पाह्य," मी म्हटलं. "जन्मला तेव्हापासून त्यातलंच पाणी पेऊन राह्यला तू."

तो आत गेला. गुंडातलं उरलेलं पाणी बादलीत ओतल्याचा आवाज आला. मग तो गुंड दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडाशी आला, उकिडवा बसला. चाळीस वर्षं चिंचेनं, राखेनं घासून घासून त्या अक्षरांची नुसती सावली उरली आहे. त्यानं बोट लावलं. पहिल्या अक्षराशीच अडला. फोनमध्ये गुड्डी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहीत होती, तो तिच्या मागून बोट सरकवत होता. ती केव्हाच संपवून बसली.

त्याला मात्र ते वाचायला बराच वेळ लागला.